न लावता आलेली फुलं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास हवाच, आणि तो या अंकात आहेच. नोंदणी कधी झाली, पहिल्या कमिटीत कोण होतं, कन्व्हेयन्ससाठी किती हेलपाटे घातले, बोअरवेलला पाणी कितव्या फुटावर लागलं, हे सगळं जाणकारांनी लिहिलं आहे. मला मात्र आपल्या आवारातल्या अशा रहिवाशांबद्दल लिहायचं आहे, ज्यांची नावं सभासद नोंदवहीत सापडणार नाहीत. त्यांच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही, त्यांनी मेंटेनन्स कधी भरला नाही, आणि त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. तरी गेली २५ वर्षं दर पावसाळ्यात ते हजर असतात. तळमजल्यावरच्या घरांमागच्या बागांत आपोआप उगवणारी फुलझाडं, ती हीच.

हा विषय आत्ताच घ्यायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या मोकळ्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. चिखल होतो, डास होतात, ज्येष्ठ मंडळींचा पाय घसरतो, पार्किंगला जागा नाही. तक्रारी खऱ्या आहेत. पण तो पट्टा झाकण्याआधी तिथे काय काय येतं आणि ते कुठून आलं, याची नोंद आपल्याच स्मरणिकेत असावी, एवढ्यासाठी हा लेख.

आधी मातीबद्दल. आपण राहायला आलो तेव्हा इमारतीमागे नुसता मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा होता. नंतर आम्ही तळमजल्यावरच्या काही जणांनी मिळून लाल मातीचे ट्रक मागवले, शेणखत आणलं. गुलाब, मोगरा, जास्वंद, अनंत हे सगळं नर्सरीतून पैसे देऊन आलं. पहिल्याच पावसात गुलाबाच्या बाजूला गुलबक्षीची रोपं वर आली आणि सगळे एकमेकांना विचारू लागले, "अहो, हे तुम्ही लावलंत का?" लावलं कुणीच नव्हतं.

त्याचं उत्तर त्या ट्रकमध्येच होतं. माती कधी रिकामी नसते. तिच्यात आधीच्या जागेवरच्या झाडांच्या बिया निजलेल्या असतात. खोल गाडल्या गेल्या की त्यातल्या पुष्कळ रुजत नाहीत आणि मरतही नाहीत. माती उकरली, उजेड आणि ओल मिळाली, की जाग्या होतात. ही झोप किती लांब असू शकते, हे पाहायला अमेरिकेतल्या मिशिगन इथल्या विल्यम बील या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८७९ साली एक प्रयोग मांडला. ओलसर वाळूत तणांच्या बिया मिसळून २० बाटल्या भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि काय रुजतं ते बघायचं. बील गेले, त्यांच्यानंतरचे गेले, प्रयोग मात्र एकाने दुसऱ्याच्या हाती देत आजही चालू आहे. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनंतर रुजल्या. आपल्या लाल मातीतली गुलबक्षी दोन-चार वर्षं झोपली असेल, तर त्यात नवल ते काय?

उरलेल्या बियांना वाहनं पुष्कळ असतात. पाखरं असतात, मुंग्या असतात, पावसाचं वाहतं पाणी असतं, चपलांच्या तळाला चिकटलेला चिखल असतो. आणि आपल्या घरांत एक खास वाहन आहे, ते म्हणजे निर्माल्य.

आपला झेंडू या निर्माल्यातूनच आला. दसरा-दिवाळीची तोरणं वाळली की आपण ती नदीत न टाकता खतखड्ड्यात टाकायला लागलो, हा आपल्या सोसायटीचा चांगला निर्णय होता. पुढच्या जूनमध्ये खड्ड्याच्या काठाने झेंडूची रांग उभी राहिली. झेंडूच्या वाळक्या फुलात खाली काळ्या काड्यांसारख्या दिसतात, त्याच बिया. पहिल्या वर्षी फुलं टपोरी आली, पण दोन-तीन वर्षांत ती बारकी झाली, काहींना तर पाकळ्यांची एकच ओळ. मातीचा कस गेला असं आपल्यातल्या काहींना वाटलं, पण कारण वेगळं आहे. बाजारात येणारा टपोरा झेंडू बहुतेक संकरित असतो. त्याची लेकरं आईवडिलांसारखी एकसारखी निघत नाहीत. मूळ रूपं हळूहळू वर येतात.

आणि झेंडूचं मूळ पाहायचं तर फार लांब जावं लागतं. हे झाड मेक्सिकोचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फुलं' असा होतो. वीस म्हणजे पुष्कळ, भरगच्च पाकळ्यांचं. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून तिथे ते पूजेत होतं. आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोतली माणसं आपल्या पितरांसाठी घरात वेदी मांडतात, ती झेंडूने सजवतात आणि पितरांना घर सापडावं म्हणून पाकळ्यांची वाट घालतात. आपल्याकडे दसऱ्याला, त्यांच्याकडे पितरांना, फूल तेच.

कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. त्यानंतर पोर्तुगीजांच्या आणि इतर युरोपीय जहाजांतून मिरची, बटाटा, पेरू, काजू आपल्याकडे आले, तसाच झेंडूही आला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे सन १२९० ची. तेव्हा माउलींच्या काळात कुठल्याही दारावर झेंडूचं तोरण नव्हतं, हे उघड आहे. ज्याच्याशिवाय आपल्याला दसरा सुचत नाही, ते फूल आपल्या परंपरेत मागाहून दाखल झालेलं आहे. यात परंपरेला कमीपणा काहीच नाही. आपल्या आजीच्या आजींनी परक्या फुलाला देवापुढे जागा दिली, एवढाच त्याचा अर्थ.

गुलबक्षीची गोष्ट अशीच. दुपारी चार-साडेचारला फुलणारं आणि सकाळी ऊन चढलं की मिटणारं हे फूल दक्षिण अमेरिकेकडचं. इंग्रजीत त्याला 'पेरूचं आश्चर्य' अशा अर्थाचं नाव आहे, आणि तो पेरू म्हणजे देश, फळ नव्हे! उर्दूत हेच फूल गुल-ए-अब्बास, त्याच्याच जवळचं आपलं गुलबास आणि गुलबक्षी. शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा. त्यातलं मिराबिलिस म्हणजे लॅटिनमध्ये 'अद्भुत', आणि जलापा हे मेक्सिकोतलं एक शहर. एका फुलाच्या नावांतच दोन-तीन खंड आले.

अद्भुत म्हणायला कारणही आहे. आपल्या 'बी' विंगमागच्या गुलबक्षीवर एकाच झाडाला गुलाबी फुलं, पिवळी फुलं आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे उडालेली फुलं येतात, हे मुलांनी पाहिलं असेल. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनाही असंच काही दिसलं होतं. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांपैकी हे एक. त्यांनी पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांची गुलबक्षी घेऊन संकर केले आणि १९०९ साली दाखवून दिलं, की पानांचा रंग फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात काही वाटा नसतो. हे मेंडेलच्या नियमांत बसत नव्हतं. पुढे कळलं, की पानातल्या हरितलवकांना स्वतःचा वेगळा वारसा असतो आणि तो बहुतेक झाडांत आईमार्फत पुढे जातो. बारावीच्या जीवशास्त्रात मुलं हे पाठ करतात. ते ज्या झाडावरून सिद्ध झालं, ते आपल्या खिडकीखाली उभं आहे. त्याच्या मिऱ्याएवढ्या काळ्या बिया गोळा करून मुली भातुकलीत वापरतात, आणि खेळ संपला की जिथे सांडतील तिथे पुढच्या वर्षी झाड येतं. रोपं उपटूनही पुन्हा येतात, कारण खाली जाड मूळ राहिलेलं असतं.

तिसरी सदाफुली. हिला तर माती पण नको. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चीर गेली आहे तिथे, आणि मीटर रूमच्या पायरीच्या फटीत, गुलाबी सदाफुली बाराही महिने फुललेली असते. तिचं मूळ घर मादागास्कर बेट. शोभेचं झाड म्हणून ती सगळ्या उष्ण प्रदेशांत पोचली आणि जिथे गेली तिथे कुंपणाबाहेर पडून स्वतःची स्वतः राहू लागली.

सदाफुलीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्यातले काही जण रोज सकाळी फिरून येताना तिची पानं तोडून खातात. मधुमेहाला चांगली, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. हा समज फक्त आपल्याकडचा नाही. जमैका बेटावरही लोक मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांचा काढा घ्यायचे. १९५२ साली कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे जमैकाहून सदाफुलीच्या पानांचं एक पाकीट आलं. त्यांनी ते आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. रॉबर्ट यांनी उंदरांना अर्क देऊन पाहिला. रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसला नाही. पण अर्क टोचलेले उंदीर संसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होत होत्या.

दुसऱ्या कुणी इथे प्रयोग थांबवला असता. नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी विचार केला, की जे पांढऱ्या पेशी मारतं, ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगावर चालेल का? त्यातून त्यांनी व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ साली जाहीर केलं. त्याच सुमारास अमेरिकेतली एक औषध कंपनीही याच झाडावर काम करत होती. तिथे व्हिनक्रिस्टिन सापडलं आणि १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात. पूर्वी जो आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता, त्यातून आज बहुतेक मुलं बरी होऊ शकतात. त्यात इतर औषधांबरोबर या औषधाचाही वाटा आहे.

आता पानं खाणाऱ्या काकांना आणि काकूंना एवढंच सांगते: हे झाड विषारी आहे. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात, आणि ते औषध डॉक्टर मोजून-मापून, रक्त तपासत शिरेतून देतात. चार पानं चावून त्यातलं काही मिळत नाही. झालाच तर पोटाला त्रास होतो, आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या तर त्याहून मोठा त्रास. सदाफुली बघावी, देवाला वाहावी, खाऊ नये.

ही तिन्ही फुलं समुद्रापलीकडची. मग आपलं, इथलंच असं न लावता काय येतं? तेरडा. भारतीय उपखंडातलंच हे झाड. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने उभं राहतं, भाद्रपदात फुलतं. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव इम्पेशन्स, म्हणजे 'अधीर'. पिकलेल्या बोंडाला बोट लावा, ते फटकन फुटतं आणि बिया हातभर उडवतं. म्हणून तेरडा दर वर्षी आपली जागा थोडी थोडी बदलतो. याला न माळी लागतो, न वारा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपण माणसांना लावतो. झाडाला मात्र ती लागू नाही, ते २५ वर्षं येतं आहे.

कोकणातल्या कितीतरी घरांत गौर म्हणजे तेरडाच. मुळांसकट आणायचा, आणि मुळं म्हणजे गौरीची पावलं मानायची. आपल्या सोसायटीत कोकणातून आलेल्या घरांतल्या वहिनी गौर आणायला मंडईत जात नाहीत, मागच्या पट्ट्यात जातात. सह्याद्रीच्या सड्यांवर याचे रानातले भाऊबंद असतात. साताऱ्याजवळचं कास पठार सप्टेंबरमध्ये ज्या गुलाबी गालिच्याने भरतं, त्यात रानतेरड्याचा वाटा मोठा आहे. ते पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. त्याच घराण्यातला एक जण आपल्या कुंपणाशी उभा आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग जे उगवेल ते सगळंच राहू द्यावं का? तसंही नाही. न लावता येणाऱ्यांत त्रासदायक मंडळीही आहेत, आणि आपलं पुणे त्यात एका कारणाने बदनाम आहे. गाजरगवताची, म्हणजे पांढऱ्या बारीक फुलांच्या त्या तणाची, भारतातली नवी नोंद म्हणून जो लेख १९५६ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला, तो पुण्यात सापडलेल्या रोपांवरून. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले, आणि अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर ते आलं, असं घरोघरी सांगितलं जातं. पण त्या गव्हाचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत पुण्यात त्याआधीच दिसलं होतं. म्हणजे तारखांचा मेळ बसत नाही. परदेशी धान्यातून ते आलं असू शकेल, पण नेमकं त्याच करारावर खापर फोडता येत नाही. ते काही असो, गाजरगवताने अंगाला खाज येते, दमा वाढतो, शेतं बुडतात. त्याच्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतून एक पट्टेदार भुंगेरा आणून १९८४ साली बंगळूरकडे सोडला गेला. आता तो आपल्याकडेही पावसाळ्यात गाजरगवतावर दिसतो. तो दिसला तर मारू नका.

घाणेरीचंही तसंच. इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी अमेरिकेकडून आणली आणि आज देशभरच्या जंगलांत तिने जागा अडवली आहे. शोभेचा नारिंगी-पिवळा कॉसमॉसही मेक्सिकोचाच. तो आता पुण्याच्या टेकड्यांच्या उतारांवर आणि रस्त्यांच्या कडेने पसरताना दिसतो. दिसायला सुरेख, पण तिथल्या रानफुलांची जागा खातो. आपल्या अंगणातला कॉसमॉस बी धरायच्या आत कापावा, आणि सहलीला जाताना टेकडीवर त्याच्या बिया उधळू नयेत. हौसेने बिया उधळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

परदेशी म्हणून वाईट आणि देशी म्हणून चांगलं, असा हिशेब इथे चालत नाही. झेंडू, गुलबक्षी, सदाफुली, गाजरगवत, घाणेरी सगळेच बाहेरचे. त्यातल्या काहींनी शेजारधर्म पाळला, काहींनी नाही. कोण कुठून आलं, आल्यावर कसं वागलं, हे माहीत असलं की काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे ठरवता येतं. माहीत नसलं, की आपण माळीकाकांना "सगळं साफ करा" म्हणतो आणि तेही बिचारे गौरीच्या आधी आठ दिवस तेरडा कापून टाकतात. हे आपल्याकडे दोनदा झालेलं आहे.

आता पेव्हर ब्लॉककडे येते. चालायची वाट पक्की करावी, तिला माझा पाठिंबा आहे. पण सगळा पट्टा झाकला तर दोन गोष्टी जातील. एक म्हणजे बोअरवेलच्या आसपास पाणी मुरायची जागा, जिची गरज दर एप्रिलमध्ये टँकर मागवताना आठवते. आणि दुसरी, २५ वर्षांत त्या मातीत साठलेलं बी. ते पैसे देऊन नर्सरीत मिळत नाही.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन साध्या सूचना आहेत. कुंपणाच्या भिंतीलगत चार फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा. पाणी साचतं त्या कोपऱ्यात उतार काढून द्यावा, म्हणजे डासांचा प्रश्न सुटेल. आणि पहिल्या पावसानंतर सहा आठवडे त्या पट्ट्यात विळा चालवू नये. तोवर कोणतं रोप कशाचं हे ओळखता येतं. गाजरगवत आणि घाणेरी फुलायच्या आत आम्ही तळमजल्यावरची मंडळी स्वतः उपटू, हातमोजे घालून. मुलांना बरोबर घेतलं तर त्यांची ओळख पक्की होईल.

यंदाच्या सभेची तारीख नोटीस बोर्डावर लागली आहे. त्याआधी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास एकदा 'बी' विंगच्या मागे या. गुलबक्षी तेव्हा उमलत असते. बघा, आणि मग मत द्या.